कोरे तांदूळ

महिपत गावणकरानं अकरा वर्षं एका शेटजींची बैलगाडी हाकली. मांडवी बंदरावर माल भरायचा, आंबा घाटापर्यंत न्यायचा, तिकडचा माल घेऊन परत यायचं. त्या अकरा वर्षांत बैलाच्या पाठीवर आपण एकदाही वळ उठू दिला नाही, असं तो ज्याला त्याला सांगे, आणि ते खरं होतं. चाबूक होता त्याच्याकडं, वेताच्या मुठीचा आणि चामडी वादीचा. पण तो त्यानं नुसता हवेत वाजवला. बैलांना तेवढं पुरे होई. माणसांच्या बाबतीत मात्र महिपतला एवढा धीर नव्हता.

तेहतीस सालच्या दिवाळीत शेटजींनी मोटार लॉरी घेतली. बैल विकून टाकले आणि गाडीवानाला सांगायचं राहून गेलं. महिपत सकाळी गोठ्यात गेला तर दावी मोकळी. बाहेर लॉरीला झेंडूची माळ घातलेली, आणि ड्रायव्हर तिच्यापुढं नारळ वाढवायला बसलेला. महिपतनं तोच नारळ उचलून ड्रायव्हरचं नाक फोडलं. चार हमालांनी त्याला ओढून बाजूला काढलं तेव्हा त्याच्या मुठीत त्या माणसाच्या डोक्याचे केस होते. शेटजी भले, म्हणून फौजदाराला बोलावलं नाही. पण बंदरावरच्या एकूण एक व्यापाऱ्याला निरोप गेला की हा गडी अंगावर येतो. त्यानंतर सहा महिने महिपतला कुणी दारात उभं केलं नाही.

तो आणि त्याची बायको तुळसा लाल चाळीत राहत. जांभ्या चिऱ्यांच्या, कौलारू, एका ओळीत आठ खोल्या. पुढं सगळ्यांना मिळून एक पडवी आणि अंगण, मागं सगळ्यांना मिळून एक विहीर, आणि विहिरीला लागून दगडांचा गडगा. गडग्यापलीकडं ताजबीचं घर. तिचा नवरा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला होता, वर्षातून एकदा येई. अशा चाळीचा एक न लिहिलेला कायदा असतो: पुरुष कामावर गेले की चाळ बायकांची. पडवीत पाय पसरून एकमेकींच्या उवा काढायच्या, सासवांच्या नावानं बोटं मोडायची, विहिरीवर पदर खोचून मोठ्यानं हसायचं. महिपत घरी बसला आणि ते सगळं बंद पडलं. उंबऱ्यात एवढा थोरला बाप्या मख्खासारखा बसलेला. त्याच्या देखत कोण वेणी सोडणार? बायका त्याच्याकडं बघून कुजबुजत आणि त्याला वाटे, आपलीच टिंगल चालली आहे. बहुतेक वेळा तीच चाललेली असे.

रिकामपणानं त्याचे हात शिवशिवत. पडवीत आडव्या आलेल्या कुत्र्याला त्यानं अशी लाथ घातली की ते बिचारं आठ दिवस तीन पायांवर चाललं. एकदा पिठलं खारट झालं म्हणून भातासकट ताट भिंतीवर मारलं. तुळसानं खाली बसून सांडलेला भात शीत न् शीत वेचला. ‘कोंबड्यांना घालते,’ म्हणाली. तुळसाची एकही कोंबडी नव्हती, पण ही गोष्ट महिपतच्या ध्यानात आली नाही.

त्याच्या ध्यानात न आलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. तुळसा दोन घरी भात कांडायला जाई आणि मजुरीच्या कण्या ओच्यातून घेऊन येई. त्या शिजवून ती त्याला वाढी, आणि ‘मी मागाहून जेवते,’ म्हणे. बायको मागाहून जेवते ही काय वाकून बघायची गोष्ट आहे? सोमवारी तिचा उपास असे. मग गुरुवारीही धरू लागली. मग शनिवार आला, चतुर्थी आली, एकादशी तर होतीच. महिपत चाळीत छाती पुढं काढून सांगे, ‘आमच्या घरात देवाधर्माचं फार हाय.’

वैशाखात एकदाचं नशीब जरा वळलं. चाळीची देखरेख आप्पा करीत. साठीचे, बारीक अंगाचे, कनवटीला किल्ल्यांचा जुडगा. बंदराजवळच्या एका नव्या वखारीचं मुकादमपणही त्यांच्याकडंच होतं आणि वखारीला राखणदार हवा होता. आप्पा महिपतला म्हणाले, “तू अंगावर येतोस ही तुझी खोड खरी. पण राखणीला अंगावर येणारा माणूसच बरा. सोमवारपासून ये. किल्ल्या तुझ्या हातात देईन. मात्र एक लक्षात ठेव, वखारीची किल्ली घेणाऱ्याच्या नावाला डाग चालत नाही.”

महिपतनं त्यांचे पाय धरले. सोमवार त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागला. पुन्हा सकाळी बाहेर पडायचं, पुन्हा संध्याकाळी घरी यायचं, पुन्हा चाळीतल्या बायकांनी त्याला बघून पदर सावरायचा. सहा महिन्यांत तो पहिल्यांदा हसला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, जनीकाकीची कळशी गेली.

जनीकाकी दुसऱ्या खोलीत राहायची. तिचा मुलगा केरू कोर्टात पट्टेवाला होता, म्हणून साहेबाच्या खालोखाल आपलाच मान अशी तिची समजूत होती. कळशी तांब्याची, तिच्या माहेरची, वर तिच्या बापाचं नाव ठोकलेलं. त्या कळशीला सून चिमानं चिंच लावून घासली नाही असा एक दिवस जात नसे, आणि ती पुरेशी घासली नाही असं जनीकाकी म्हणाली नाही असाही जात नसे. चिमा अठरा वर्षांची होती. गुरुवारी दुपारी ती रडत आली, म्हणाली, “विहिरीवर घासून पालथी घातलेली. आत जाऊन आले तर नाय.”

दुपारी चाळीत घरी असलेला पुरुष एकच. कुणी त्याचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी एकदमच त्याच्या दाराकडं बघितलं.

संध्याकाळी केरू पट्टा-बिल्ल्यासकट त्याच्या उंबऱ्यावर उभा राहिला. “महिपत, कळशी दे.”

“कुठली कळशी?”

“आयच्या माहेरची. दिलीस तर कुठं बोलत नाय. मोडीत घातली असशील तर कुठल्या दुकानात घातलीस ते सांग. माणसाला वेळ येते.”

ते ‘माणसाला वेळ येते’ महिपतला सोसलं नाही. त्यानं केरूचा गळा धरला आणि त्याला पडवीच्या खांबावर असा दाबला की बिल्ला तुटून अंगणात पडला. केरूचे डोळे पांढरे व्हायला लागले. जनीकाकी छाती बडवून ओरडली, “चोराच्या उलट्या बोंबा! माज्या लेकाचा जीव घेतलान!” तिघांनी महिपतची बोटं एकेक करून सोडवली. केरू खाली बसून खोकत राहिला आणि मग थुंकला, त्यात रक्त होतं.

आप्पा आले. त्यांनी बिल्ला उचलून केरूला दिला आणि महिपतकडं न बघता म्हणाले, “सोमवारचा मला विचार करावा लागेल.”

चार हमालांनी ओढलं तेव्हाही महिपत इतका भ्याला नव्हता. तो ओरडला, “घाडी आणा! मंतरलेले तांदूळ चावायला द्या सगळ्यांना. मी पहिला चावतो. कर नाय त्याला डर कशाला?”

सगळ्यांना ते पटलं. केरू रोज कोर्टाची पायरी चढत होता, पण कोर्टात खरं निघतं यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तांदळांवर होता. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत ती. घाडी देवाला गाऱ्हाणं घालून तांदूळ मंतरतो आणि संशयितांना मूठमूठ देतो. चावायचे आणि पानावर थुंकायचे. खऱ्या माणसाच्या तोंडात तांदूळ भिजून त्यांचा गोळा होतो. चोराचं तोंड भयानं सुकतं, तांदूळ कोरे राहतात आणि बाहेर पडतं ते पीठ. फारच मोठं पाप असलं तर पिठाला रक्त लागतं, असंही म्हणत.

शनिवारी सकाळी धोंडू घाडी आला. चाळीतले पुरुष त्या दिवशी उशिरा कामावर जाणार होते. अंगणात तुळशीवृंदावनापुढं त्यानं केळीचं पान मांडलं, त्यावर तांदळांचा ढीग, वर कुंकू, शेजारी नारळ. तो म्हणाला, “घरटी सगळ्या मोठ्या माणसांनी चावायचे. बाया पण.”

महिपत तुळसाला बोलवायला आत गेला. त्याचं पोट भरलेलं होतं. तुळसानं सकाळीच त्याला उरल्यासुरल्या कण्यांचा ऊन ऊन भात आणि सोलकढी वाढली होती. ‘भर पोटी जा, धीर राहील,’ म्हणाली होती. आता ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती.

“चल.”

“मला नको,” ती म्हणाली. “माजा शनिवार हाय. दाणा तोंडात घातला तर उपास मोडेल.”

“कालपण उपासच होता ना तुजा? आणि परवा?”

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. महिपतनं ते बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात नको ती पाल चुकचुकली. गुरुवारी दुपारी त्याचा डोळा लागला होता. तेव्हा तुळसा कुठं होती? त्यानं तिचं मनगट धरलं. मनगट हातात किती लहान लागतं आहे, हे कळायला त्याला तेवढा वेळ पुरायला हवा होता. पण त्यानं तिला फरफटत अंगणात आणलं.

धोंडूनं गाऱ्हाणं घातलं. चाळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेली. पहिली मूठ महिपतनं घेतली. कडाकडा चावली आणि थुंकली. चांगला ओला, पांढरा गोळा पानावर पडला. आप्पांनी मान हलवली. महिपतच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि सोमवार पुन्हा जागेवर आला. मग केरूनं चावले, जनीकाकीनं चावले, ओल्या गोळ्यांची रांग लागली. चिमाचे तर इतके ओले निघाले की लाळ हनुवटीवरून ओघळली. धोंडू म्हणाला, “ह्या पोरीचं मन आरशासारखं हाय.” जनीकाकीनं सुनेकडं उभ्या जन्मात पहिल्यांदा कौतुकानं बघितलं.

शेवटी तुळसा. तिनं मूठ तोंडात घातली. जबडा हलत राहिला. सगळे थांबले. ती चावतच होती, मान खाली घालून, गाल आत ओढून, आणि तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. धोंडू म्हणाला, “थूक.” तिनं थुंकायचा प्रयत्न केला. पानावर पीठ पडलं. कोरडं, सुकं पीठ. त्यातलं थोडं वाऱ्यानं उडालंसुद्धा. जे उरलं त्यावर एक लाल ठिपका होता.

मग जनीकाकीनं टाळी पिटली. “खाई त्याला खवखवे! मी म्हटलंच होतं, बाप्या नाय तर बायको!”

केरू हसला. धोंडूनं आपला नारळ उचलून पिशवीत टाकला. त्याचं काम झालं होतं. आप्पा पाठ वळवून चालायला लागले, आणि त्यांच्या कनवटीच्या किल्ल्या वाजल्या. महिपतला जनीकाकी ऐकू आली नाही, केरू दिसला नाही. त्याला ती पाठ दिसली आणि तो किल्ल्यांचा आवाज ऐकू आला.

तो आत गेला आणि खुंटीवरचा चाबूक घेऊन आला.

पहिला फटका तुळसाच्या पाठीवर बसला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती गुडघ्यांवर आली. अकरा वर्षं हवेत वाजलेला चाबूक पहिल्यांदा अंगाला लागला. दुसऱ्या फटक्याला चोळी फाटली. “कुठं ठेवलीस? बोल! कुणाला विकलीस?” तिनं वर बघून काहीतरी सांगितलं. “माज्या तोंडात पाणीच नाय ओ,” असं ती म्हणाली. जनीकाकीनं लगेच सगळ्यांना समजावून सांगितलं, “बगा, कबूल केलान!” तिसरा फटका खांद्यावर, चौथा हातांवर, कारण तिनं तोंड झाकलं होतं. मग मोजण्यासारखं काही राहिलं नाही. वादी कमी पडली तेव्हा त्यानं वेताची मूठ उलटी धरली. ती खोलीकडं सरपटली, तो मागोमाग गेला. उंबऱ्यावर त्यानं तिला केसांनी धरून उलटी केली, आणि आतला पाण्याचा हंडा लाथेनं कलंडला. तो मोठमोठ्यानं बोलत होता, तिच्याशी नव्हे, आप्पांशी: “बगा आप्पा! माज्या घरात चोरी खपत नाय! बगा!” वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ असतात, पण बायकोच्या पाठीवर आपली नोकरी लिहून दाखवणारा हा पहिलाच. आणि चाळ बघत उभी होती. कुणी पुढं आलं नाही. जनीकाकी एवढंच म्हणाली, “डोक्यावर नको मारू हां.” तिच्या हिशेबी ती दया होती.

थांबवलं ते ताजबीनं. ती तीन दिवस मालगुंडला लेकीकडं गेली होती, त्याच सकाळी परतली होती. आवाज ऐकून ती पन्नाशीची बाई गडगा ओलांडून आली, हात खरचटलेले, डोक्यावरची ओढणी मानेवर आलेली, आणि तिनं वर उचललेला चाबूकच धरला. वादी तिच्या मनगटाला गुंडाळली गेली तरी तिनं सोडला नाही.

“अरे मेल्या, कसाई पण बकऱ्याला आधी पाणी दाखवतो! बग तिच्या तोंडाकडं. जा, पाणी आण!”

महिपतनं बघितलं. तुळसाचे ओठ चिरले होते आणि त्यांच्या कडांना तांदळांचं पीठ चिकटलं होतं. त्याचा हात आपोआप खाली आला. चाबूक उंबऱ्याबाहेर अंगणात पडला. हंडा तर त्यानंच सांडला होता, आणि चोरणीसाठी चाळीतून कुणी पेलाभर पाणी पुढं केलं नाही. म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच महिपत गावणकर पोहरा घेऊन पाण्याला गेला.

विहिरीवर बायका कुठल्या अंगाला उभ्या राहतात हे त्याला कुठं ठाऊक? तो गडग्याच्या बाजूनं गेला. तिथला चिरा सुटलेला, म्हणून तिथून कुणी पाणी काढत नसे. वैशाखाचं पाणी तळाला गेलेलं. त्यानं पोहरा सोडला तर तो पाण्यात बुडायच्या आधी कशावर तरी खणकन् आपटला. त्यानं दोर हलवला. पुन्हा खणखण. तो वाकला. तळाच्या गढूळ पाण्यात, दुपारकडं झुकलेल्या उन्हात, तांबं चमकत होतं.

चिऱ्यांतल्या खोबणींत बोटं रुतवत तो खाली उतरला आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकून कळशी उचलली. एका बाजूला नवा पोचा होता. वर जनीकाकीच्या बापाचं नाव होतं. त्याला रडायचं होतं की कुणाचा तरी जीव घ्यायचा होता, हे त्याचं त्यालाच कळेना. मग त्यानं तीच कळशी भरून दोराला बांधली, वर येऊन ओढून घेतली आणि खांद्यावर घेऊन परतला.

ताजबीनं तुळसाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं कळशी बघितली, नाव बघितलं. ओंजळीनं थोडं थोडं पाणी तुळसाच्या तोंडात सोडलं. मग महिपतकडं मान वर करून तिनं विचारलं, “तुज्या सदऱ्याला खळ लावतोस काय रे?”

“काय?”

“महिना झाला. रोज गडग्यावरून गडू पुढं करते. म्हणते, ताजबी, भाताची पेज दे, त्यांच्या सदऱ्याला खळ करायची हाय, नोकरी बगायला जातात, सदरा कडक पायजे. आमच्या घरचं शिजलेलं तुमच्यात चालत नाय, पण कपड्याला चालतं. मी देत गेले. एक दिस म्हणाली, वाईच मीठ घाल. खळीला मीठ? तवाच ओळखलं मी. मग पेजेत मूठभर भात राहू द्यायला लागले. ती बोलली नाय, मी बोलले नाय. तीन दिस मी नव्हते. कांडपवाल्यांनी पण शुक्रवारपासून दार लावलं हिला, चोराच्या घरची म्हणून, आताच सांगितलं हिनं. ह्या तीन दिसांत हिच्या पोटात काय गेलं, सांग. तुज्या पोटात काय गेलं तेपण सांग.”

महिपतचा हात सदऱ्यावर गेला. ओल्या अंगाला चिकटलेला, मऊ, चुरगळलेला सदरा. त्याला खळ कधीच लागली नव्हती. तो रोज तोच सदरा घालून हिंडत होता आणि त्यानं कधी बघितलं नव्हतं.

त्यानं कळशी उचलली आणि अंगणात नेऊन दगडावर आपटली. पाणी उडालं, चाळ गोळा झाली, आरडाओरडा ऐकून कोपऱ्यावर थांबलेले आप्पा परत फिरले. “ही बगा कळशी! विहिरीत होती! गडग्याच्या अंगाला!”

जनीकाकीनं कळशी ओळखली, पोचा बघितला, आणि मग सुनेकडं वळली. चिमा पडवीच्या खांबाआड उभी होती. ती तिथंच खाली बसली. “हातातून सुटली ओ आय. तिकडं ऊन होतं म्हणून मी ह्या अंगानं... तुमी माराल म्हणून बोलले नाय.”

“आणि तांदूळ कसे भिजले तुजे?” केरू ओरडला.

“कैरीची फोड धरली होती गालात,” ती म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली.

केरूनं अंगणात पडलेला चाबूक उचलला. पुढं होऊन महिपतनं तो अडवला, असं इथं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण महिपत जागचा हलला नाही. चिमाच्या दंडावर पहिला फटका बसला. तिनं तसंच तोंड झाकलं, ती तशीच गुडघ्यांवर आली, आणि जनीकाकी पुन्हा म्हणाली, “डोक्यावर नको हां.” महिपत बघत राहिला. मघाशी चाळ कशी बघत होती हे त्याला आता कळत होतं.

दुसरा फटका वर उठलाच नाही. वादीवर एक पाय पडला होता. तुळसा ताजबीच्या खांद्यावर भार टाकून आली होती, एक डोळा सुजून मिटलेला, फाटक्या चोळीवर ताजबीची ओढणी.

“केरूभाव, पुरे,” ती म्हणाली. “कळशी गावली ना? एका कळशीपायी किती बाया मारणार?”

केरूनं मूठ सोडली. तुळसा तुळशीपाशी गेली. केळीचं पान तिथंच होतं, त्यावर घाडीचे उरलेले तांदूळ. तिनं त्यातली एक मूठ घेतली आणि महिपतपुढं धरली.

“चावा.”

“मी मगाशी चावले,” तो म्हणाला.

“मगाशी तुमी माज्या वाटणीचा भात खाऊन चावले होते. आता चावा. आणि तांदळांना इचारा, ह्या चाळीत चोर कोण हाय.”

तिचा आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या चाळीनं तो ऐकला. महिपतनं मूठ घेतली, कारण न घेऊन जायचं कुठं? तांदूळ तोंडात टाकले. दात एकमेकांवर घासले गेले. तो चावत राहिला, त्याच्या कानशिलांत दाणे फुटत राहिले, जीभ टाळूला चिकटली. अजून अंगावरून विहिरीचं पाणी गळत होतं आणि तोंडात थेंब नव्हता. त्यानं आवंढा गिळायला बघितला तर पीठ घशात अडकलं. शेवटी तो पानावर थुंकला. कोरं पीठ पडलं, मघाच्या पिठाशेजारी, अगदी तसंच.

आप्पा खाकरले. त्यांना बहुधा काहीतरी बरं बोलून मोकळं व्हायचं होतं. “चोरीचा डाग तर गेला म्हणायचा,” ते म्हणाले. “ये बाबा सोमवारी. किल्ल्या देतो.”

सहा महिने ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि महिपतला ‘होय’ म्हणता येईना. त्याच्या तोंडात पीठ होतं. तो तुळसाकडं बघत राहिला. तिनं पानावरचे उरलेले तांदूळ वेचून ओच्यात घेतले, त्यांच्यावरचं कुंकू फुंकून टाकलं, आणि आपल्या खोलीकडं न वळता विहिरीकडं चालायला लागली. गडग्यापाशी ती थांबली. इतके दिवस तिथून फक्त गडू पलीकडं जात होता. ताजबीनं तिला हात दिला, आणि सगळ्या चाळीच्या देखत तुळसा गडगा चढून पलीकडं उतरली.

“ताजबी,” ती म्हणाली, आणि ते महिपतला इथवर ऐकू आलं, “आज खळ नको. भात शिजव.”